शेक मधेच सोडू नकोस

इचलकरंजी
रविवार, सकाळ

चि. सुमित,
अनेक आशीर्वाद.

काल व्हिडिओ कॉलवर तू उजेड टाळून बसला होतास, तरी उजव्या पापणीवरची गाठ दिसली. "रांजणवाडी आहे बाबा, जाईल," म्हणालास. चार महिन्यांतली ही तिसरी. सकाळी पापण्या चिकटतात, संध्याकाळी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं, हेही तूच बोलता बोलता सांगून गेलास. ही सगळी माझीच लक्षणं आहेत रे. म्हणून लिहून पाठवतोय, तुझ्याजवळ राहील.

मला हे कळायला अकरा वर्षं लागली. मागावर उभं राहिलं की हवेत कापसाचे तंतू उडतच असतात. डोळे लाल झाले की दोष तंतूंचा, असं आम्ही कारखान्यातले सगळेच धरून चालायचो. औषधाच्या दुकानातून थेंबांची बाटली आणायची, दोन दिवसांत लाली जायची, पंधरवड्यात परत यायची. चिठ्ठीशिवाय तीच बाटली मी किती वेळा आणली त्याचा हिशेब नाही. पुढे चष्म्याचा नंबर काढायला गेलो, तेव्हा डॉक्टरांनी डोळ्याचं प्रेशर मोजलं. २८ भरलं. २१ च्या वर गेलं की ते सावध होतात. त्या बाटलीत स्टेरॉइड होतं. असे थेंब फार दिवस घातले तर प्रेशर वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदूही लवकर येतो. थेंब बंद केल्यावर माझं प्रेशर उतरलं, पण ते दोन महिने मी आणि तुझी आई कसे काढले ते आम्हालाच ठाऊक. तुला तेव्हा सांगितलं नाही, तुझी बारावी होती. तेव्हा एवढं ऐक: डॉक्टरांनी तपासून लिहून दिल्याशिवाय लाली घालवणारा एकही थेंब डोळ्यात घालू नकोस.

मूळ दुखणं होतं पापण्यांच्या कडांची जुनाट सूज. डॉक्टर त्याला ब्लेफरायटिस म्हणतात. आपल्या पापणीच्या आत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, वरच्या पापणीत २५ ते ४०, खालचीत २० ते ३०. हाइनरिख मायबोम नावाच्या जर्मन डॉक्टरांनी १६६६ साली त्यांचं वर्णन केलं, म्हणून त्यांना मायबोमियन ग्रंथी म्हणतात. प्रत्येक उघडझापीला त्यातलं थोडं तेल अश्रूंवर पसरतं आणि अश्रू उडून जात नाहीत. हे तेल घट्ट झालं की तोंडं बुजतात, डोळा कोरडा पडतो, कड सुजते, मधूनच गाठ येते. थंडीत आपलं खोबरेल बाटलीत गोठतं आणि आई ती उन्हात नेऊन ठेवते, आठवतं? पापणीतल्या तेलालाही तशीच ऊब लागते.

आजी तळहातावर बोट घासून रांजणवाडीला लावायची. ऊब द्यायची हे तिचं बरोबरच होतं. पण ती क्षणभराची, आणि बोट धुतलेलं असेलच असं नाही. तू स्वच्छ कापड गरम पाण्यात बुडवून पीळ, मनगटाला लावून बघ, सोसेल इतकंच गरम हवं. मिटलेल्या डोळ्यांवर ठेव. मिनिटा-दोन मिनिटांत ते निवतं, पुन्हा बुडव. असं पाच ते दहा मिनिटं. बहुतेक लोक इथेच चुकतात, एकदा ठेवलेलं कापड गार झालं की उठतात. मग हात धुऊन बोटानं हलकेच चोळ, वरची पापणी खाली, खालची वर, म्हणजे दोन्हीकडून केसांच्या मुळांकडे. गाठ मात्र पिळू नकोस. शेवटी केसांच्या मुळाशी चिकटलेले खवले डॉक्टर सांगतील त्या पुसणीनं काढायचे. मी पाण्यात थोडा बेबी शॅम्पू मिसळून पुसतो. सुरुवातीला दिवसातून दोनदा, नंतर एकदा. फरक पडायला काही आठवडे जातात, आठ दिवसांत कंटाळून सोडू नकोस.

तुझ्या डोक्यात कोंडा होतो, त्याचा याच्याशी जवळचा संबंध आहे, म्हणून तोही आटोक्यात आण. दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसलास की पापण्या कमी लवतात आणि तेल पुरेसं बाहेर येत नाही. मधे मधे मुद्दाम डोळे पूर्ण मिट. कड सुजलेली असेल तोवर लेन्स नको, चष्मा लाव.

हे संसर्गानं खोलीतल्या मित्रांना होईल, ही भीती काढून टाक. तसं ते पसरत नाही. नीट सांभाळलं तर सहसा नजरही जात नाही. पण डोळा ठणकला, उजेड सोसेना, अंधुक दिसलं, किंवा अख्खी पापणी सुजून ताप आला, तर त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जा. रजेचा विचार करू नकोस. या आठवड्यात एकदा दाखवायचंच आहे, आणि माझी हकीकत त्यांना सांग.

हे मुळासकट जाईल असं मी तुला सांगणार नाही. मीही रोज दात घासल्यावर शेक घेतो, सहा वर्षं झाली. रांजणवाडी त्यानंतर एकदाच आली, शेक चुकवले होते त्या लग्नसराईत.

आईनं माझ्या जुन्या धोतराचे सहा चौकोन कापून, कडा दुमडून शिवलेत. परवा कुरिअरनं पाठवतोय. वापरलेला रोज उकळत्या पाण्यात टाक.

तुझा,
बाबा