काट्याचं ऐकू नकोस, जिम सोडू नकोस

चिऊ,

काल फोनवर म्हणालीस की चार महिने जिमला जाऊन वजन फक्त दीड किलो उतरलं, आता मेंबरशिप रिन्यू करत नाही, आणि मी "बघ बाई तुझं तू" म्हणून फोन ठेवला, पण रात्री झोपच लागेना म्हणून हे टाइप करतेय, मोठं झालंय, डबा खाताना वाच.

आधी एक सांगायचंय. तू आठवीत होतीस तेव्हा तुझी मान काळी पडायला लागली होती आणि मी दर रविवारी डाळीचं पीठ नि लिंबू लावून घासघासून ती लाल करायचे, वर "अंघोळ नीट करत नाहीस" म्हणून ओरडायचे. मळ नव्हताच गं तो. रक्तात इन्सुलिन, म्हणजे साखर पेशींत पोचवणारं हार्मोन, फार वाढलं की मानेची, काखेची कातडी तशी जाड आणि काळपट होते, हे मला तुझ्या सोनोग्राफीत पीसीओडी निघाल्यावर कळलं, तो ओव्हरीचा नि हार्मोनचा त्रास, पीसीओएसही म्हणतात त्याला. तू रडायचीस ते अजून डोळ्यासमोर येतं.

आणि त्या डॉक्टरबाई, "वजन कमी करा, लग्न झालं की होईल सगळं" म्हणून दोन मिनिटांत बाहेर काढलं आपल्याला! का ते काहीच सांगितलं नाही. आता मला कळलंय ते असं की पेशी इन्सुलिनला दाद देत नाहीत म्हणून शरीर अजून इन्सुलिन सोडतं, ते जास्तीचं इन्सुलिन ओव्हरीला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं आणि तो हार्मोन बांधून ठेवणारं प्रोटीन लिव्हर कमी करतं, मग हनुवटीवर केस, पिंपल्स, पाळी दोन दोन महिने गायब. सगळ्याच पीसीओडीवाल्यांना असं नसतं, पण बऱ्याच जणींना असतं, अगदी काडीसारख्या बारीक मुलींनाही.

व्यायामाची गंमत इथे आहे. स्नायू काम करायला लागला की साखर आत घेणारे ग्लूट-फोर नावाचे वाहक आपोआप पेशीच्या पृष्ठभागावर येतात, इन्सुलिनने बेल वाजवायची वाट बघत नाहीत, म्हणजे मागचं दार उघडतं. वजन उतरो न उतरो. मी माझ्या ग्लुकोमीटरवर बघितलं, पिठलं आणि दोन भाकऱ्या खाऊन आडवी झाले तर दोन तासांनी साखर 214, दुसऱ्या दिवशी तेवढंच खाऊन गच्चीवर वीस मिनिटं फेऱ्या मारल्या तर 171. हे काही शास्त्र नाही, एका डायबेटिसवाल्या बाईचं एक बोट.

पण हे दार एक-दोन दिवसच उघडं राहतं. म्हणून तू शनिवार-रविवार घाम गाळतेस आणि मग पाच दिवस खुर्चीला चिकटतेस, ते नको. 2023 च्या आंतरराष्ट्रीय पीसीओएस गाइडलाइनमध्ये आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम किंवा 75 ते 150 मिनिटं जोराचा, शिवाय दोन दिवस वजनं वगैरे उचलणं, तेही लागोपाठ नाही, असं दिलंय. अमुकच व्यायाम भारी असं काही नाही, झुंबा आवडत नाही ना, नको करूस.

काट्याचं म्हणशील तर पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. याज्ञिकांनी 2004 साली लॅन्सेट नावाच्या डॉक्टरी जर्नलमध्ये स्वतःचा आणि एका ब्रिटिश डॉक्टरांचा फोटो छापला होता, दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3, पण त्या साहेबांच्या अंगात चरबी 9.1 टक्के आणि आपल्या माणसाच्या 21.2! पुरुष होते दोघं, पण काटा किती फसवतो ते बघ. तुझी पाळी आधी सत्तर दिवसांनी यायची, आता अडतीसवर आली हे तूच सांगितलंस ना, आणि दिवाळीची सलवार सैल झाली म्हणून नाडी आवळत होतीस ते मी बघितलंय, मग "काहीच फरक नाही" कसं म्हणतेस?

मेटफॉर्मिनची गोळी मनाने बंद करू नकोस. आणि 75 ग्रॅम ग्लुकोज पाजून दोन तासांनी शुगर बघतात ती टेस्ट एकदा करून घे, आपल्याकडे डायबेटिसवाली मी आहे, तुझी आजी होती.

मेंबरशिपचे पैसे जीपेवर टाकलेत, परत पाठवू नकोस. रात्री जेवण झालं की फोन कर, मी गच्चीवर असेन, तू सोसायटीत फेऱ्या मार. सोफ्यावर बसून बोलतेयस असं आवाजावरून कळलं तर कट करेन.

आई