खिडकी काढण्याआधी टोच्या लावून पाहा

मा. संपादक,

वारसा परिसरातल्या घरांच्या जुन्या खिडक्या बदलण्याबाबत सुरू असलेली चर्चा वाचली. 'बाहेरून तशीच दिसणारी' यूपीव्हीसीची, म्हणजे कडक प्लास्टिकची, खिडकी बसवली तर बिघडले कुठे, असे विचारले जाते. उत्तर फूटपट्टीने मिळते. दोन काचांमधली जुनी लाकडी पट्टी वीस-पंचवीस मिलिमीटरची असते. यूपीव्हीसी आतून पोकळ, त्यामुळे ताकदीसाठी चौकट जाड करावी लागते आणि तेवढी काच घटते. मधल्या पट्ट्या तर बहुतेक वेळा नुसत्या चिकटवलेल्या.

मुळात अख्खी खिडकी क्वचितच कुजते. कुजतो तो उंबरा, झडपेची खालची आडपट्टी आणि उभ्या पट्ट्यांची खालची टोके, कारण पाणी तिथे थांबते. लाकडातला ओलावा वीस टक्क्यांच्या वर टिकला की बुरशी धरते. टोच्या, म्हणजे सुताराचे टोकदार हत्यार, खुपसून पाहावा. तो सहज आत जाईल तेवढाच भाग गेलेला. निरोगी लाकूड लागेपर्यंत तो कापून त्याच जातीच्या, वाळलेल्या लाकडाचा तुकडा तिरक्या सांध्याने जोडावा. रेषा जुन्या लाकडाच्या रेषांना समांतर ठेवाव्यात, सरस पाण्यात न सुटणारा घ्यावा. उंबऱ्याच्या खालची, पाणी तोडणारी खाच रंगाने बुजलेली असेल तर मोकळी करावी. ती बुजलेली राहिली तर नवा तुकडाही कुजणार.

काच पक्की करणाऱ्या लांबीत (पुट्टीत) तर हमखास चूक होते. खडूची पूड आणि जवसाचे तेल यांची लांबी कोऱ्या लाकडावर थापली की लाकूड तेल शोषून घेते, लांबी ठिसूळ होऊन तडकते. म्हणून काच बसते त्या खाचेला आधी तेलाचा प्रायमर हवा. लांबीवर साय धरली की मगच रंग, आणि तो काचेवर दोनेक मिलिमीटर चढवावा. पाणी आत शिरायचे अडते ते या कडेपाशी. (नीटनेटकेपणाच्या हौसेने रंगारी नेमकी तीच कड ब्लेडने खरवडतात.) जुन्या रंगात शिसे असू शकते. तो कोरडा घासू नये, ओला करून खरवडावा.

राहिला आवाजाचा मुद्दा: नव्या खिडकीच्या दुहेरी काचेने रहदारीचा आवाज अडतो, असे म्हणतात. सीलबंद दुहेरी काचेतली फट साधारण सोळा मिलिमीटर. मूळ खिडकी ठेवून आतल्या बाजूला शंभर मिलिमीटर किंवा जास्त अंतरावर दुसरी, उघडणारी काच बसवली तर रहदारीचा आवाज त्याहून अधिक अडतो. फक्त आतली काच घट्ट बसवावी, बाहेरची पूर्ण बंद करू नये. नाहीतर मध्ये दव साचते. सीलबंद काचेची कड फुटली की दव दोन काचांच्या आतच अडकते आणि अख्खी काच बदलावी लागते. लाकडी खिडकीत फुटलेली तेवढीच काच बदलते.

तेव्हा परवानगी देणाऱ्यांनी खिडकी बदलण्याच्या अर्जासोबत प्रत्येक खिडकीचे छायाचित्र, पट्ट्यांच्या छेदाचे मापांसह रेखाचित्र आणि कुजलेल्या भागाची लांबी मागावी. 'खिडक्या जीर्ण' एवढा एका ओळीचा शेरा स्वीकारू नये.

आपले,
जुन्या लाकूडकामाची दुरुस्ती करणारे काही वाचक