सुरकुत्या पुसलेल्या जाहिराती

महोदय,

डोळ्यांभोवतीच्या क्रीमच्या जाहिरातीत साठ वर्षांच्या ट्विगी या मॉडेलचे छायाचित्र फेरफार करून गुळगुळीत केले, म्हणून ब्रिटनच्या जाहिरात नियामक संस्थेने २००९ मध्ये त्या जाहिरातीला मनाई केली. नॉर्वेत तर २०२२ पासून चेहरा वा त्वचा बदललेल्या जाहिरातींवर तशी सूचना छापणे सक्तीचे आहे. रजोनिवृत्तीनंतर त्वचेला घट्ट ठेवणारे कोलॅजन हे प्रथिन घटणे हा शरीराचा धर्मच. त्याची लाज बायकांच्या मनात कोण पेरते? नातवाच्या मुंजीसाठी लावलेल्या कलपाने कपाळभर पुरळ उठले, तरी माझी आई फोटोतल्या पांढऱ्या केसांचीच काळजी करत होती. केंद्राच्या दिशाभूलविरोधी मार्गदर्शक तत्त्वांत नॉर्वेसारखी तरतूद व्हावी आणि आपल्या वृत्तपत्रानेही अशा जाहिराती सूचनेविना छापू नयेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, सातारा