तो स्पंज भांड्यांचा आहे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला ‘माणूस स्पंजापासून जन्मला!’ हा लेख वाचला. उद्गारचिन्ह तुमचंच असणार. शेजारचा फोटोही तुमचाच असावा: पिवळा, चौकोनी, एका बाजूला हिरवी खरखरीत पाठ. तसला एक माझ्याही मोरीच्या कट्ट्यावर पडलेला असतो. लेखातला स्पंज म्हणजे पाण्यातला प्राणी; याला जनुकं नसतात हो, हा कारखान्यात होतो.

लेखकांवर माझा राग नाही. त्यांनी आत नीट लिहिलंय, मथळ्यानं त्याचा विचका केला. आजचा स्पंज हा आपला आजोबा नव्हे, झालाच तर फार लांबचा चुलतभाऊ. शिवाय प्राण्यांच्या वंशातून सगळ्यांत आधी स्पंज वेगळे झाले की कोंब जेली (इंग्रजीत comb jelly, जेलीफिशसारखे दिसणारे समुद्री प्राणी), यावर शास्त्रज्ञांचं भांडण बरीच वर्षं चाललंय. २०२३ साली गुणसूत्रांवरची जनुकांची मांडणी ताडून पाहिली, तेव्हा पुरावा कोंब जेलीच्या बाजूनं गेला. म्हणजे उद्या मथळा पुन्हा बदला.

खरी गंमत होती ती मोनोसिगाची, आणि ती तुम्ही शेवटच्या चार ओळींत कोंबलीत. हा एकपेशीय जीव. स्पंजातल्या कॉलरवाल्या (शेपटीभोवती गळपट्टीसारखं कडं असलेल्या) पेशी हुबेहूब याच्या जातभाईंसारख्या दिसतात, हे जेम्स-क्लार्क यांना १८६० च्या दशकात नुसत्या सूक्ष्मदर्शकातून दिसलं होतं. मोनोसिगाचा जनुकसंच २००८ साली प्रसिद्ध झाला. सुमारे ९,२०० जनुकं, आणि त्यांत कॅडहेरिनची २३! कॅडहेरिन म्हणजे आपल्या पेशींना एकमेकींशी धरून ठेवणारी प्रथिनं. ज्याला शेजारीच नाही त्याला ती कशाला? गुडघ्याला बाशिंग बांधून बसल्यासारखं वाटतं खरं, पण तसं नव्हे. खाण्यासाठी जिवाणू पकडायला ती लागत असावीत, असा एक अंदाज आहे. घरातलं जुनं सामान पुढे दुसऱ्याच कामाला लागलं, एवढंच.

मज्जापेशींचंही तसंच. स्पंजाला त्या नाहीतच, पण दोन मज्जापेशींच्या सांध्यावर जी प्रथिनं लागतात त्यांतल्या बऱ्याच प्रथिनांची जनुकं त्याच्याकडे आहेत. सगळ्या पेशींत जनुकसंच एकच असतो. कुठलं चालू नि कुठलं बंद, यावर पेशीची जात ठरते. गोड्या पाण्यातल्या एका स्पंजाच्या एकेका पेशीचा असा हिशोब २०२१ साली मांडला गेला, तर १८ जाती निघाल्या. आणि तुम्ही छापता घासणी!

हे इतकं मनाला का लागलं ते सांगते. मी फोंडा तालुक्यातल्या एका हायस्कुलात विज्ञान शिकवत होते. एकदा मुलांना हणजूणला नेलं होतं. ओहोटी होती, लाटेनं वाळूत टाकलेला स्पंजाचा एक मळकट तुकडा मिळाला. एक मुलगा तो उलटसुलट करून म्हणाला, “टीचर, हाचें तोंड खंय?” इतका चांगला प्रश्न मला पुढे कुठल्याच परीक्षेत दिसला नाही. तो तुकडा मी फॉर्मॅलिनमध्ये घालून काचेच्या बरणीत ठेवला, बरणीवर चिठ्ठी चिकटवली. दरवर्षी तोच प्रश्न मुलांना विचारायचे.

मग प्रयोगशाळेत लाद्या बसवायचं निघालं. मे महिन्याच्या सुट्टीनंतर येऊन पाहते तो बरणी लखलखीत, आणि ऑफिसच्या खिडकीत तिच्यात मनीप्लांट! मुख्याध्यापक म्हणाले, “बाई, भांडी घासायचा स्पंज औषधात कशाला घालून ठेवला होतात?” चिठ्ठीवर नाव इंग्रजीत, टपोऱ्या अक्षरांत होतं. त्यांनी ती वाचायची तसदी घेतली नाही. रविवारचा फोटो बघून मला तेच आठवलं, दुसरं काही नाही.

दुरुस्ती छापा. दोन ओळी पुरतील, पण खरा फोटो हवा. दोनापावलाच्या समुद्रविज्ञान संस्थेत विचारलं असतंत तरी मिळाला असता, आणि ती काही सातासमुद्रापलीकडे नाही.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, फोंडा

ता. क. : तुमचा विक्रेता फाटकावरून अंक फेकतो, तो थेट तुळशीपुढच्या डबक्यात पडतो. पावसाळ्यात पूर्वी प्लास्टिकच्या पिशवीत घालून देत, ते का बंद झालं? रविवारचा अंक मी इस्त्री फिरवून वाचला. शब्दकोड्याचा कोपरा मात्र फाटलाच.