यांग वेगळं, यांगन्योम वेगळं

सुवॉन (दक्षिण कोरिया), रविवार

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार वि. वि.

फोनवर दोघांनी दोन प्रश्न विचारलेत. बाबांचा : पैसे द्यायचे आणि वर टेबलावर मांस आपणच भाजायचं, हा कसला हॉटेलातला प्रकार? आईचा : त्यात माझ्या खाण्याजोगं काही आहे का? फोनवर सांगितलेलं विमानात बसेपर्यंत अर्धं विसरतं, म्हणून लिहून पाठवतेय. हा कागद येताना पर्समध्ये असू दे.

आधी आईचं. इथे भाजायच्या मांसात पहिला मान डुकराचा, मग गाईचा. पण दुकानं सहसा एकेका मांसाची असतात, त्यामुळे पाटी वाचता आली की निम्मं काम झालं. डुक्कर म्हणजे 'द्वेजी', गाय म्हणजे 'सो', बदक 'ओरी' आणि मेंढी 'यांग'. कोंबडीला म्हणतात 'ताक'. हो, कानाला अगदी आपल्या ताकासारखंच लागतं. तेव्हा कुणी 'ताक खाणार का' असं विचारलं तर वाटी पुढे करू नकोस.

खरी फसगत 'यांग'वर होते. 'यांग-गाल्बी' म्हणजे मेंढीच्या बरगड्या, त्या तुला चालतील. पण 'यांगन्योम-गाल्बी' म्हणजे मसाल्यात मुरवलेल्या बरगड्या, आणि त्या असतात डुकराच्या नाहीतर गाईच्या. यांगन्योम म्हणजे नुसतं मुरवण, मेंढीशी त्याचा काही संबंध नाही. आणि आतड्यांच्या दुकानात पाटीवर सुटं 'यांग' दिसलं तर ती गाईची वजडी. एकाच शब्दाची तीन तोंडं. म्हणून पाटीवर बोट ठेवून 'सो? द्वेजी?' एवढं विचारायचं. दुकानदार मान हलवून सांगतो.

तुम्हा दोघांना मिळून पहिल्या संध्याकाळी ताकगाल्बीच बरी. गाल्बी म्हणजे बरगडी खरी, पण हिच्यात हाडूक औषधालासुद्धा नसतं. मांडीचं बिनहाडाचं मांस तिखट-गोड लाल मसाल्यात मुरवतात आणि टेबलातच बसवलेल्या मोठ्या गोल लोखंडी तव्यावर कोबी, रताळं, कांद्याची पात आणि तांदळाच्या पिठाच्या चिवट कांड्या घालून परततात. हा पदार्थ मूळ छुनछन गावचा. एका माणसामागे अडीचशे ते तीनशे ग्रॅम येतं आणि दोन माणसांपेक्षा कमी मागता येत नाही. तुम्ही दोघं आहातच.

तव्याला हात लावायची घाई नको. ताटभर कोबी आणि वर कच्चं मांस येतं तेव्हा वाटतं, हे शिजणार कधी! कोबीला पाणी सुटतं, त्यात मांस आधी शिजतं, मग पाणी आटून मसाला तव्याला धरायला लागतो. पंधरा-वीस मिनिटं लागतात. परतायला बहुतेक ठिकाणी दुकानातली बाई येते. तिच्या हातातून उलथणं घेऊ नकोस, आई, तुला राहवणार नाही हे माहीत आहे. ती आधी कांड्या खायला सांगेल, कारण त्या लवकर मऊ होतात. मांस ती 'खा' म्हणेल तेव्हाच. सगळ्यात शेवटी शिजतं रताळं, जाड काप तर हमखास कच्चट राहतात. चॉपस्टिक आरपार गेली तरच तोंडात घालायचं.

तव्यात मूठभर ऐवज मुद्दाम शिल्लक ठेवायचा. त्यावर भात मागवला की ती बाई भात, तिळाचं तेल आणि समुद्री शेवाळाचा चुरा घालून परतते, मग उलथण्याने दाबून पातळ पसरते. दोन-तीन मिनिटं हलवायचं नाही. खाली खरवड धरते, तीच खरी मजा. इथेही खरवडीसाठी भांडणं होतात.

दुसरी जागा मेंढीच्या काड्यांची, म्हणजे काडीला ओवलेल्या मांसाच्या तुकड्यांची. सोलमध्ये कोन्कुक विद्यापीठाजवळ अशी अख्खी गल्ली आहे. निखाऱ्यावर दातेरी चाकांची पट्टी असते, काड्या तीत अडकवल्या की आपोआप फिरतात. झालेली काडी वरच्या दांडीवर सरकवायची, नाहीतर फिरत फिरत वाळून मांस आणि कोळसा सारखाच होतो. बुडवायला कोरडी पूड मिळते, तिला ते 'च्चुरान' म्हणतात. पण नाकाजवळ नेलीस की ओळखशील : जिरं, तिखट आणि मीठ. बोकडाच्या मटणाची सर नाही, कोवळी मेंढी असल्याने चव सौम्य. पण महिनाभरात जिऱ्याचा वास आलेला कुणाला नको असतो?

आता बाबा. तुम्हाला डुक्कर चाखायचंय, म्हणजे 'सामग्योप्साल'. नावाचा अर्थच तीन पदरी मांस : पोटाचा भाग, मांस-चरबी-मांस असे थर. माणशी दीडशे ते दोनशे ग्रॅम, पाटीवर ग्रॅम लिहिलेले असतात ते पाहून मगच भावाची तुलना करायची. सोलमध्ये दोनशे ग्रॅमला 20,000 वॉनच्या आसपास धरून चला. त्या संध्याकाळी आईला नेऊ नये. आळंबी, कांदा, लसूण सगळं त्याच चरबीत भाजलं जातं, वेगळा कोपरा राहत नाही.

भाजायची जबाबदारी टेबलावर एकाचीच. हत्यारं दोन : चिमटा आणि कात्री. कच्चं मांस चिमट्यानेच उचलायचं, स्वतःच्या चॉपस्टिकने नाही, ती तोंडात जाते. तवा थोडा कलता असतो आणि उताराच्या टोकाला चरबी गळायला भोक. पहिला पट्टा टेकवून बघा. चर्र झालं पाहिजे. नाही झालं तर उचला आणि थांबा. गार तव्यावर ठेवलं की मांस चिकटतं, उलथताना फाटतं. पट्टा सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर जाड असतो. एका वेळी दोन-तीनच, तवा भरला की त्याचा ताव उतरतो आणि भाजण्याऐवजी उकडतं.

मग हात आवरायचा. तीन-चार मिनिटांनी कडा पांढऱ्या होतात आणि वरच्या बाजूवर पाण्याचे बारीक थेंब उभे राहतात, तेव्हा उलटायचं. दुसरी बाजू तांबूस झाली की कात्री, दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे. नवखे इथेच चुकतात : मांस तव्यावर पडलं की लगेच कात्री चालवतात, रस वाहून जातो आणि तुकडा चामड्यासारखा होतो. कापल्यावर तुकडे कापलेल्या बाजूंवर उभे करून चारी अंगांनी खरपूस करा. मध्ये कुरकुरीत पांढरा कण दिसला तर ती कूर्चा. इथली पोरं आवडीने चावतात, तुम्ही मात्र कात्रीने उडवा, पुलाच्या दाताला त्रास नको. झालेले तुकडे कडेला सरकवा आणि किमची (तिखटात आंबवलेला कोबी) उताराच्या टोकाला ठेवा, येणाऱ्या चरबीत ती परतली जाते. मांसापेक्षा ती किमची भाव खाऊन जाते, असं माझं मत.

मुरवलेलं मांस याच्या अगदी उलट. मुरवणात सोया सॉस, साखर, लसूण आणि किसलेलं कोरियन नासपती असतं. नासपती घालतात ते मांस मऊ व्हावं म्हणून, आपण मटणाला कच्ची पपई लावतो तसं. पण साखरेमुळे मिनिटाभरात करपतं. आच कमी, आणि सारखं उलथत राहायचं. तवा काळा पडला की 'पुल्फान कारा जुसेयो' म्हणा, म्हणजे तवा बदलून द्या. फुकट देतात, संकोच करू नका. काळ्या तव्यावर पुढचं सगळं कडू लागतं. कोळशाच्या जाळीवर चरबी ठिबकून भडका उडाला तर मांस बाजूला घ्या. पाणी मारायचं नाही, राख उडून ताटात येते.

आमच्या सुवॉनची खासियत मात्र गाईच्या मोठ्या बरगड्या. राजा जॉन्गजोने 1794 ते 1796 या काळात इथला ह्वासॉन्ग किल्ला बांधला. पुढे गावात गुरांचा मोठा बाजार भरू लागला, त्यातून हे आलं. किल्ला दोघांना दाखवीनच. बरगड्यांच्या पाट्या वाटेत दिसतील, पुढे चालायचं.

खायची रीत म्हणजे विडाच. त्याला 'साम' म्हणतात. डाव्या तळहातावर लेट्यूसचं पान, त्यावर 'केन्निप'चं दातेरी पान (वास पुदिना आणि बडीशेपेच्या मधला, पहिल्यांदा उग्र वाटतो), मग मांसाचा एक तुकडा, लसणाची एक चकती, नखभर 'सामजांग'. हे सोयाबीन आंबवून केलेलं तिखट-खारट वाटण. बाबा, खरोखर नखभर, तुमच्या बीपीला ते मीठ झेपणार नाही. पान मिटायचं आणि अख्खं तोंडात. अर्धं चावायला गेलात की उरलेलं शर्टावर. आई, डावा हात म्हणून नाक मुरडू नकोस, उजव्यात चॉपस्टिक असते.

वाट्यांतले पदार्थ, पानं, लसूण सहसा पुन्हा पुन्हा फुकट मिळतात. काही ठिकाणी आपण उठून घ्यायचे असतात. पण आई, भाजीसारखं दिसतं म्हणून निरामिष समजू नकोस. किमचीत बहुधा खारवलेला जवळा नाहीतर माशाचं पाणी असतं. त्वेन्जांगच्या, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या रश्शात सुके मासे, गार शेवयांच्या पाण्यात अनेकदा गाईचा अर्क. गुरुवारी आणि चतुर्थीला घरीच वरण-भात करू.

ऑफिसातली मंडळी सोबत असतील तेव्हा एक लक्षात ठेवा. टेबलावरच्या सगळ्यात मोठ्याने चमचा उचलेपर्यंत बाकीचे सुरुवात करत नाहीत, आणि मोठे बाबाच असणार. आपल्या सवयीने 'तुम्ही घ्या, तुम्ही घ्या' करत बसलात तर सगळे उपाशी आणि मांस कोळसा. लगेच एक घास घ्या. ग्लास दोन्ही हातांनी पुढे करतील, तो मान आहे. सोजू ही इथली दारू, पाण्यासारखी दिसते पण तिच्यात अल्कोहोल सोळा टक्क्यांच्या आसपास असतं. नको असेल तर ग्लास भरलेलाच राहू द्या, रिकामा दिसला की भरतात.

जमिनीवर बसायची दुकानंही आहेत. बाबांच्या गुडघ्यांसाठी मी टेबलाचं बघीन. चमचे टेबलाच्या कडेच्या खणात असतात, बोलवायला घंटीचं बटण, नसेल तर 'चोगियो' अशी हाक. त्यात उद्धटपणा नाही. धुराचं नळकांडं वरून ओढून तव्याच्या वीतभर वर आणायचं, वरच राहिलं तर धूर सगळा डोळ्यांत. पैसे दाराशी, टिप नाही.

आणि कपडे. आई, पैठणीच काय, कुठलीही रेशमी साडी त्या दिवशी नको. धुराचा वास रेशमात दोन दिवस राहतो. सुती कुर्ता, वर त्यांचा एप्रन. कोट, शाल, पर्स स्टुलाचं झाकण उघडून आत ठेवायची, पोकळ असतं ते. निघताना स्टुलात हात घालून बघायचं. शाल तिथेच राहते.

तुमची,
चिंगी