खुर्चीवरची पिशवी

प्रिय सिस्टर,

तुम्हाला आम्ही आठवत असू की नाही, कोण जाणे. तुमच्यापुढे रोज किती माणसं येऊन बसत असतील. मी बाबांना घेऊन आले त्या दिवशी तुमच्या टेबलाशेजारी एक खुर्ची रिकामी होती. तुम्ही तिच्यावर तुमची पिशवी ठेवलीत आणि बाबा चटकन म्हणाले, "अहो, तिथं मुलगी बसलीय."

माझ्या पोटात गोळा आला. आता पुन्हा कोणीतरी माझ्याकडे बघून मान हलवणार, पुन्हा बाबांच्या देखत मलाच विचारणार, "हे कधीपासून चाललंय?" तुम्ही मात्र उठलात, पिशवी उचलून खाली जमिनीवर ठेवलीत आणि बाबांना म्हणालात, "मला नाही दिसत ती. पण तुम्हाला दिसतेय ना? त्रास देते का?"

बाबा म्हणाले, "छे हो. गप्प बसून असते बिचारी."

वर्षभरात त्या मुलीबद्दल बाबांना कोणी काही विचारलं असेल, तर ते पहिल्यांदा तुम्ही. हे पत्र त्या पिशवीसाठी आहे.

ते आधीचं वर्ष आठवलं की अजून घशाशी येतं. पहिल्या डॉक्टरांनी बाबांना तीन शब्द लक्षात ठेवायला सांगितले, तारीख विचारली, वार विचारला. बाबांनी सगळं बरोबर सांगितलं. "स्मरणशक्ती ठणठणीत आहे. वय झालं की असं व्हायचंच," एवढं बोलून त्यांनी फाईल मिटली. नातेवाइकांकडे तर उत्तर तयारच होतं: साठी बुद्धी नाठी. एकाने म्हातारचळ म्हटलं. दुसऱ्याने सांगितलं की त्यांना लक्ष वेधून घ्यायचंय, तुम्ही फार मनावर घेऊ नका. पुढे एका ठिकाणी भास थांबवायचं औषध दिलं आणि दोन दिवसांत बाबा लाकडासारखे ताठ झाले. कुशीवर वळता येईना, तोंडातली लाळ गिळता येईना. आम्हाला वाटलं आजार वाढला, म्हणून औषध आणखी नेमाने दिलं. हे लिहितानाही हात थरथरतोय.

आणि मी? मी ओरडायचे. "बाबा, कुणी नाहीये तिथं!" म्हणत त्या खुर्चीवर हात आपटून दाखवायचे. ते मान खाली घालायचे. मग त्यांनी सांगणंच सोडलं. मुलगी दिसत होतीच, फक्त ते एकटेच तिच्याकडे बघत बसायचे.

तुम्ही विचारलंत, "झोपेत हातपाय झाडायचे का? ओरडायचे का?" मी अवाक झाले. आई जिवंत होती तेव्हापासून हा आमच्या घरातला हसण्याचा विषय होता. बाबा झोपेत कोणाशी तरी भांडायचे, एकदा आईच्या खांद्यावर चांगला ठोसा बसला होता. त्या गोष्टीचा याच्याशी संबंध असेल असं कोणाच्या ध्यानीमनी नव्हतं. मग तुम्ही त्यांना एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन बघून काढायला दिलेत. चाळीस वर्षं इमारतींचे आराखडे काढलेला माणूस! त्यांच्या रेघा एकमेकींना भेटेनात. बाबा कागदाकडे बघत राहिले, मग हातातल्या पेन्सिलीकडे. तुम्ही काही न बोलता कागद हळूच बाजूला घेतलात.

लेवी बॉडी डिमेन्शिया, म्हणजे स्मृतिभ्रंशाचाच एक प्रकार. नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. फ्रिट्झ लेवी यांनी १९१२ साली मेंदूच्या पेशींत साचणाऱ्या प्रथिनांच्या गोळ्यांचं वर्णन केलं, आणि पुढे १९७६ मध्ये जपानच्या केन्जी कोसाका यांनी त्यांचा स्मृतिभ्रंशाशी असलेला संबंध मांडला, हे मी नंतर वाचलं. या आजारात सुरुवातीला आठवण बऱ्यापैकी शाबूत राहू शकते. आधी ढासळतं ते लक्ष आणि अंतराचा, आकाराचा अंदाज. एक दिवस माणूस लख्ख, दुसऱ्या दिवशी धुक्यात. डोळ्यांपुढे माणसं, मुलं, प्राणी दिसतात, अगदी स्पष्ट. आणि भासांवरची काही औषधं या रुग्णांना भलतीच बाधतात. आमच्या बाबतीत नेमकं तेच झालं होतं. तुमच्या डॉक्टरांनी ते औषध बंद केलं. तुम्ही एका कागदावर आजाराचं नाव आणि "ही औषधं देताना जपून" असं लिहून दिलंत. तो कागद अजून बाबांच्या खिशात असतो.

स्मृतिभ्रंश म्हणजे एकच एक आजार नाही, हेही मला तुमच्यामुळे कळलं. सगळ्यांत जास्त आढळतो तो अल्झायमर, दहापैकी सहा-सात जणांना तोच. कोणाला मेंदूचा रक्तपुरवठा बिघडल्याने होतो, कोणाचा आधी स्वभावच बदलतो. आणि कधी कधी मूळ कारण वेगळंच निघतं: बी-१२ ची कमतरता, थायरॉईड, मेंदूत साचलेलं पाणी, नैराश्य, एखाद्या औषधाचा परिणाम. यातलं बरंचसं वेळेवर सापडलं तर उपाय होतो. म्हणून "वय झालं" या दोन शब्दांचा मला आता संताप येतो. वय कोणाचं होत नाही? पण वय हे काही निदान नाही. ते दोन शब्द उच्चारले की पुढे बघायचं कोणाला कारणच उरत नाही.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे घरी संध्याकाळ होण्याआधीच सगळे दिवे लावते. खुंटीवरचा सदरा कपाटात गेला, कारण अंधुक उजेडात त्याचा माणूस व्हायचा. दाट नक्षीची सतरंजीही काढून टाकली. बाबांना तिच्यावर किडे वळवळताना दिसायचे. मुलगी आता रोज येत नाही.

पण सिस्टर, दिव्यांचं कोणीही सांगितलं असतं, कुठे ना कुठे लिहिलेलं सापडलंही असतं. ती पिशवी मात्र कुठल्या पुस्तकात मिळाली नसती. तुम्ही बाबांशी खोटं बोलला नाहीत आणि त्यांना खोटंही पाडलं नाहीत. या दोहोंच्या मध्ये जागा असते हे मला पन्नाशीला आल्यावर कळलं. हुशार डॉक्टर आम्ही खूप पाहिले. आपल्यापुढे बसलेल्या म्हाताऱ्याला आधी माणूस म्हणून बघणारे फार थोडे भेटले, आणि जे भेटले त्यांनी काही मोठं केलं असं नाही. एका वॉर्डबॉयने बाबांना नावापुढे "साहेब" लावून हाक मारली होती. रिक्षात चढताना त्यांचा पाय उचलेपर्यंत एक रिक्षावाला शांतपणे थांबला होता. अशी माणसं मी मोजून ठेवली आहेत. त्यात तुम्ही सगळ्यांत वर.

आता बाबा मला कधी ओळखतात, कधी आईच्या नावाने हाक मारतात. आजार पुढेच जाणार, हे तुम्ही मला न फसवता सांगितलं होतंत, त्याबद्दलही आभार.

परवा धुतलेले कपडे घडी करून मी त्यांच्या खोलीत गेले. सवयीने खुर्चीवर ठेवणार, तोच थांबले. विचारलं, "बाबा, बसलंय का कुणी?"

त्यांनी बराच वेळ खुर्चीकडे निरखून पाहिलं. म्हणाले, "नाही, आज नाही आली. ठेव तू."

मी कपडे ठेवले.

तुमची ऋणी,
बाबांची मुलगी