खाणीच्या आम्लपाण्यावर शैवालाचा उपाय

महोदय,

मेघालयातील जैंतिया टेकड्यांमधील उंदराच्या बिळांसारख्या कोळसा खाणींवर राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये बंदी घातली. तरीही सोडून दिलेल्या खाणींतील आम्लयुक्त पाणी ओढ्यांत उतरतच आहे, कारण उघड्या पडलेल्या पायराइटचा (लोह व गंधक असलेल्या खनिजाचा) हवापाण्याशी संयोग होऊन सल्फ्युरिक आम्ल तयार होत राहते. चुन्याने आम्लता कमी होते खरी, पण गाळाचे ढीग मागे उरतात. सूक्ष्म शैवाल मात्र प्रकाशसंश्लेषणाद्वारे आम्लता घटवते व पाण्यात विरघळलेले धातू पेशीभित्तीवर धरून ठेवते, आणि सौम्य आम्लाने ते धातू परत मिळवता येतात. तीव्र आम्लात मोजक्याच जाती तगत असल्याने आधी थोडा चुना लागेलच. धातू शोषलेले शैवाल खत किंवा चारा म्हणून कदापि वापरू नये. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने तेथील ओढ्यांलगत असे प्रायोगिक तलाव विनाविलंब उभारावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, नागपूर